शिरवळचे ॲडमिरल

सातारा जिल्ह्यातला माणूस फौजेत जातो तो बहुधा पलटणीतच जातो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यानं तर गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडून घेतलंय. शिरवळच्या एसटी स्टँडसमोर सकाळी चहाला जमणाऱ्या म्हाताऱ्यांतही दोन-तीन माजी हवालदार आणि एखादा सुभेदार असतोच. कुणी बर्फ बघितलाय, कुणी राजस्थानची वाळू खाल्लीय. ही मंडळी लढाईबद्दल फारशी बोलत नाहीत. कांद्याचा भाव, पाऊस, गुडघे आणि पेन्शन, एवढ्यावर त्यांचं भागतं. लढाईबद्दल बोलतात ते एकटे ॲडमिरल, आणि ते कुठल्याच लढाईला गेलेले नाहीत.

ॲडमिरल हे अर्थातच गावानं ठेवलेलं नाव. नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, हुद्दा फिटर. उभी हयात पत्रे कापण्यात आणि पाइप वाकवण्यात गेली. शिरवळहून समुद्र गाठायचा तर भोर, मग वरंध घाट, मग महाड आणि त्याच्याही पुढं. लग्नानंतर एकदा ते त्या वाटेनं हरिहरेश्वराला गेले आणि घोटाभर पाण्यातून माघारी आले, कारण त्यांना पोहता येत नाही. गावाजवळचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वीर धरणाचा फुगवटा. आणि एवढ्या पाण्याच्या भांडवलावर हा माणूस दोन महायुद्धांमधल्या विनाशिकांचा, म्हणजे डिस्ट्रॉयर बोटींचा, जाणकार झालाय.

असा जाणकार गावोगाव असतो. पानिपतावर भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरायला नको होतं, हे पारावर बसून सांगणारा. बॅट कधी न धरता तेंडुलकरचा पाय कुठं अडला ते दाखवणारा. आमच्या ॲडमिरलांनी मात्र असा विषय धरला, की पंचक्रोशीत खोडून काढणारा कुणी मिळू नये.

याचं मूळ पुण्यातल्या कॅम्पात आहे. तरुणपणी तिथल्या रद्दीवाल्याकडं त्यांना जगातल्या युद्धनौकांची यादी देणाऱ्या ‘जेन्स फायटिंग शिप्स’ या वार्षिकाचा एक जाडजूड अंक सापडला. १९३० नंतरच्या दशकातला, पुठ्ठा गेलेला, वाळवीनं इटलीचं आरमार अर्धं बुडवलेलं. रद्दीच्या भावानं घेतलेला तो ग्रंथ त्यांनी डिक्शनरी मांडीवर ठेवून पाठ केला. त्यामुळं त्यांचं जग १९३९ साली थांबलं. “पुढचं मी वाचत न्हाय,” ते म्हणतात, “पुढं बिघडलं समदं.” २०२१ मध्ये आपल्या नौदलात आयएनएस विशाखापट्टणम दाखल झाली, तेव्हा पेपरात फोटो आला. सगळा स्टँड कौतुक करत होता. ॲडमिरलनी वजन वाचलं, सात हजार टनांच्या वर, आणि पेपर घडी घालून ठेवला. “ही विनाशिका? १९३० च्या लंडन करारात विनाशिकेला दीड हजार टनांचा दंडक घातलाय. मोजक्याच बोटींना साडेअठराशेची सूट. सात हजार टनाला क्रूझर म्हणत्यात.” चहावाल्यानं विचारलं, “मग सरकारला कळवायचं का?” त्यावर ॲडमिरल गंभीरपणे म्हणाले, “कळवून उपयोग न्हाय. करारातनं जपान उठून गेला तवाच खेळ संपला.”

त्यांचं घर दुमजली. गच्चीवर एक लोखंडी खुर्ची आहे, तो ‘ब्रिज’. गच्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला धरून दीड इंची पीव्हीसी पाइप उतरलाय. पाहुण्यांना तो पावसाच्या पाण्याचा वाटतो. ती बोलनळी आहे. त्या काळच्या ब्रिटिश विनाशिकेचा ब्रिज वरून उघडा असायचा. ऊन, पाऊस, लाटांचे सपकारे, सगळं कॅप्टनच्या अंगावर. सुकाणूचं चाक त्याच्या पायाखालच्या मजल्यावर. वरून नळीत तोंड घालून हुकूम सोडायचा, खालच्यानं तोच हुकूम जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा आणि मगच चाक फिरवायचं. नळीच्या तोंडाला शिट्टी बसवलेलं बूच असायचं. बूच काढून आपण फुंकर मारली की पलीकडच्या बुचातली शिट्टी वाजते. ॲडमिरलनी हेही केलंय, शिट्टी मात्र जत्रेतली.

संध्याकाळी ब्रिजवर स्थानापन्न झाले की ते फुंकर मारतात आणि हुकूम सोडतात, “चहा एक, साखर कमी!” खालून “चहा एक, साखर कमी” असं यायला हवं. खालून येतं, “खाली या अन् घ्या.” त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, सुरुवातीला नळीत फडकं कोंबून ठेवलं होतं. पण एकदा नळी धुवायला म्हणून फडकं काढलं आणि वर मित्रांपुढं चाललेलं त्यांच्या आमटीचं समीक्षण त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. बोलनळी दोन्ही बाजूंनी चालते, हा धडा ॲडमिरलना त्या रात्री उपाशीपोटी मिळाला. त्या दिवसापासून फडकं वरच्या टोकाला असतं.

दिवसाचे त्यांनी पहारे पाडलेत. नौदलात चार-चार तासांचे पहारे असतात, पण संध्याकाळचे चार ते आठ हे चार तास दोन तुकड्यांत मोडतात. म्हणजे दिवसाचे पहारे सहाचे सात होतात. विषम आकडा झाल्यामुळं पाळी रोज एक घर पुढं सरकते आणि मध्यरात्री बारा ते चारचा छळवादी पहारा रोज एकाच्याच नशिबी येत नाही. इतका साधा न्याय आमच्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांच्या साहेबांना सुचला नाही, असं त्यांचं म्हणणं. दर अर्ध्या तासाला घंटेचा एक टोला वाढतो, चार तास भरले की आठ टोले. ॲडमिरलनी भांड्यांच्या दुकानातून पितळी घंटा आणून गच्चीत टांगली. पहिल्याच पहाटे चारला त्यांनी आठ टोले दिले आणि आळीतल्या तीन म्हाताऱ्या काकडआरतीला उशीर झाला म्हणून डोक्यावर पदर घेत धावत सुटल्या. देऊळ बंद, पुजारी झोपलेला. सरपंचांनी दुसऱ्या दिवशी घंटा खाली उतरवली. ॲडमिरल मनातल्या मनात टोले देतात ते अजून. बोलता बोलता मध्येच ओठ हलतात, तेव्हा समजायचं की साडेपाच झाले.

काकूंचं नौदलविषयक ज्ञान एका मुद्द्यापुरतं आहे, पण तो मुद्दा पक्का आहे. विनाशिका म्हणजे पातळ पत्र्याची, लांबुडकी, लाटेला लोळणारी बोट. जेवण रांधायचं एकीकडं, खायचं दुसरीकडं, आणि मधल्या उघड्या डेकवर लाट आली की पातेल्यात समुद्र. नाविक पुढच्या अंगाला राहायचे, अधिकारी मागच्या टोकाला. वादळात अधिकाऱ्याला पहाऱ्यावर यायचं तर दोर धरून, ओलाचिंब होत. झोपायला जेवणाच्या टेबलावर टांगलेली झोळी, शेजाऱ्याची झोळी आपल्या झोळीला घासणार. एवढे हाल म्हणून ब्रिटिश नौदल विनाशिकेवरच्या माणसांना पगारावर जादा पैसे द्यायचं. ॲडमिरल त्याला ‘हाल-भत्ता’ म्हणतात. ही माहिती त्यांनी एकदा जेवताना दिली. काकूंनी भाकरी परतता परतता विचारलं, “किती?” मग म्हणाल्या, “माझा लगीन झाल्यापासूनचा काढा.” त्यावर ॲडमिरलकडं उत्तर नव्हतं. हाल-भत्त्याची थकबाकी त्या घरात दर पाडव्याला निघते आणि एका साडीवर मिटते.

घरच्या शेळ्यांनाही नौदलाचाच नियम. ब्रिटिशांनी १९२७ च्या बोटबांधणी कार्यक्रमापासून दरवर्षीच्या विनाशिकांना एकेका अक्षराची नावं दिली. पहिल्या वर्षी ‘ए’ची, मग ‘बी’ची, असं करत ‘आय’पर्यंत आले. हॉटस्पर, हॅवॉक, हंटर म्हटलं की जाणकाराला साल कळतं. ॲडमिरलनी घरच्या करडांना तीच पद्धत लावली. क, ख, ग सुरळीत पार पडले. ‘ठ’च्या वर्षी काकू म्हणाल्या, “ठमी एवढं एकच नाव हाय, अन् करडं तीन झाल्याती.” तेव्हा ठमी पहिली, ठमी दुसरी, ठमी तिसरी असा तोडगा निघाला. ‘ण’च्या वर्षी शेळ्या विकल्या.

असली माणसं लग्नकार्यात टाळावीत असं जाणते सांगतात. पण एकदा मात्र ॲडमिरलचा ठोका बरोबर बसला. शिरवळहून वाईकडं वऱ्हाड निघालं होतं, सहा गाड्या. पुढच्या जीपवाल्याला रस्ता पाठ, म्हणून बाकीचे त्याच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून होते. खंबाटकी उतरून जीप जिथं वळली तिथं सगळे वळले, ज्या मंगल कार्यालयात शिरली तिथं शिरले, आणि नाश्त्याच्या पंगतीला बसले. दुसरी ताटली उपमा संपता संपता कुणाच्या तरी लक्षात आलं की मांडवातला नवरदेव आपला नव्हे. मग पळापळ. मुहूर्त कसाबसा गाठला.

त्या पळापळीत ॲडमिरल शांत होते. योग्य मांडवात पोचल्यावर, अक्षता पडल्यावर, त्यांनी पंगतीत तोंड उघडलं. ८ सप्टेंबर १९२३. कॅलिफोर्नियाचा किनारा, धुकं, रात्र. अमेरिकेच्या चौदा विनाशिका एकामागं एक, वीस नॉटच्या वेगात. पुढची डेल्फी. तिनं आपण कुठं आहोत ते अंदाजानं ठरवलं. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रानं वेगळी जागा सांगितली, तर नवीन यंत्रावर भरवसा कोण ठेवतो म्हणून ती बाजूला सारली. वळायची वेळ झाली असं समजून डेल्फी वळली ती थेट होंडा पॉइंटच्या खडकांवर. मागच्या तिच्या मागोमाग. सात विनाशिका काही मिनिटांत फुटल्या, २३ माणसं गेली. “लढाई न्हाय, शत्रू न्हाय, तोफ न्हाय,” ॲडमिरल जिलेबीचा तुकडा मोडत म्हणाले, “पुढच्याच्या पाठीवर डोळं लावलं, एवढंच.” पंगतीत शांतता पसरली. जीपवाला पुढल्या पंगतीला बसला.

ॲडमिरलच्या आयुष्याचं काम म्हणजे मात्र त्यांची बोट. निवृत्तीच्या पैशातून आणलेला पितळी पत्रा, डालड्याचे जुने डबे, सायकलच्या तारा आणि घड्याळाचे दाते, यांतून त्यांनी ‘एच’ वर्गाची विनाशिका करायला घेतली. मूळची बोट साडेतेराशे टनांची, ९८ मीटर लांब आणि दहाच मीटर रुंद. दीडशेच्या आत-बाहेर माणसं. ४.७ इंची तोफा चार, पाणतीर सोडायच्या नळ्या आठ, ३४ हजार अश्वशक्ती आणि ३६ नॉट वेग, म्हणजे ताशी जवळपास ६७ किलोमीटर. “आपली एसटी सपाटीला जेवढी पळती तेवढी ती पाण्यात पळायची,” असं ते सांगतात. त्यांची बोट शंभराव्या हिश्शाची, म्हणजे सव्वातीन फुटांची. तोफा फिरतात, वर उचलतात, पण चाळीस अंशांच्या पुढं नाही. ही खोट मुद्दाम ठेवलेली आहे, कारण खऱ्या तोफांतही ती होती. समोरच्या बोटीवर मारा करायचा, डोक्यावरून विमान येईल हे हिशेबात नव्हतं. पुढं १९४० आणि ४१ मध्ये नॉर्वेपासून क्रीटपर्यंत बॉम्बफेकी विमानांनी त्याची किंमत वसूल केली. पण ते १९३९ नंतरचं, म्हणून ॲडमिरल ते घाईघाईनं सांगून टाकतात.

बोट जलार्पण करायचा दिवस ठरला. वीरच्या फुगवट्याच्या काठाला अर्धी शाळा जमली. काकूंनी नारळ दिला, तो बोटीवर न फोडता शेजारच्या दगडावर फोडला. ॲडमिरल पँट दुमडून घोटाभर पाण्यात शिरले आणि त्यांनी बोट सोडली. ती डौलात दोन हात पुढं गेली. वाऱ्याची एक झुळूक आली. बोट डावीकडं कलली, विचारात पडल्यासारखी क्षणभर थांबली आणि पालथी झाली. लाल रंगाचं बूड वर.

पोरं हसायची थांबेनात. ॲडमिरलचा चेहरा मात्र उजळला. “तोमोझुरु!” ते ओरडले. “१२ मार्च १९३४! जपानची तोमोझुरु! हुबेहूब!” जपानी लोकांनी लहान बोटीवर मोठ्या बोटीचा तोफखाना आणि पाणतीर लादले. करारात टनाचं बंधन, तोफांची हौस दांडगी. सासेबोजवळच्या वादळात ती नवीकोरी बोट उलटली आणि जपान्यांना आपल्या कितीतरी बोटी गोदीत परत आणून वरचं वजन उतरवावं लागलं. हे सगळं ॲडमिरल पाण्यात उभे राहून सांगत असताना सातवीतला एक पोरगा म्हणाला, “आबा, वर पितळ लई झालंय. आमच्या ट्रॉलीत ऊस उंच भरला की अशीच पलटी हुती.”

ॲडमिरलनी त्याच्याकडं बघितलं. “हे तू जपान्यांना का न्हाय सांगितलंस?” एवढंच बोलले. बोट घरी आणून त्यांनी तळात शिशाच्या पट्ट्या भरल्या आणि पितळी डोलकाठी काढून बांबूची लावली. ती आता तरंगते. पळत नाही, पण तरंगते.

इथपर्यंत ॲडमिरल हे आमच्या गावचं खासगी मनोरंजन होतं. मग एक दिवस स्टँडवर खरा नाविक आला.

सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातला माणूस. उन्हाळ्यात टँकरनं पाणी येणाऱ्या गावातून उठून तो १९६५ च्या सुमारास थेट नौदलात भरती झाला होता. मुलगा शिरवळच्या एमआयडीसीत लागला, त्याच्याकडं राहायला आला. काटक, कमी बोलणारा, चहा बशीत ओतून पिणारा. सुभेदारांनी सहज विचारलं, “पलटण कुठली?” “पलटण न्हवं,” तो म्हणाला, “बोट. राजपूत.”

ॲडमिरलच्या हातातला कप हिंदकळला. आयएनएस राजपूत! मूळची ब्रिटिशांची एचएमएस रॉदरहॅम, क्लाइड नदीवर जॉन ब्राऊनच्या गोदीत बांधलेली, १९४२ साली पाण्यात उतरलेली. १९४९ मध्ये ब्रिटननं भारताला राजपूत, रणजित आणि राणा या तीन विनाशिका दिल्या. त्याआधी आपल्या नौदलाकडं विनाशिका म्हणून एकही नव्हती. १९४२ ची बोट म्हणजे ॲडमिरलच्या कायद्यात बसत नव्हती. पण त्यांनी जागच्या जागी दुरुस्ती केली, “युद्धात नवीन नकाशे करायला सवड कुणाला? हाडं समदी आधीचीच.” आणि खुर्ची पुढं ओढली.

“तोफा चार, ४.७ इंची. बरोबर?”

“असतील.”

“पाणतीराच्या नळ्या आठ. चार-चारच्या दोन.”

“मी खाली असायचो.”

“बॉयलर दोन. ॲडमिरल्टी थ्री-ड्रम. चाळीस हजार अश्वशक्ती.”

“बॉयलर हुते,” म्हातारा म्हणाला. “गरम हुते.”

सगळा स्टँड हसला. ॲडमिरल खट्टू झाले. आयुष्यभर वाट पाहिलेला साक्षीदार हाती लागला आणि तो निघाला स्टोकर. बोटीच्या पोटात बॉयलरपाशी बसलेला. त्याला समुद्र विचारावा तर म्हणे, “रजेवर निघताना दिसायचा.” बोटीवर जायचं म्हणून भरती झाला, तर सरकारनं ट्रेनिंगला धाडलं ते लोणावळ्याला, बोटीसारखं नाव असलेल्या आयएनएस शिवाजी या तळावर. तीन महिने घरी पत्र पोचत नव्हतं, कारण लोणावळ्यात बोट असते यावर गावच्या पोस्टमनचा विश्वास बसेना.

मग ॲडमिरलनी शेवटचं अस्त्र काढलं. “गाझी! डिसेंबर ७१. विशाखापट्टणम. तुमी त्या रात्री बोटीवर!”

“न्हवतो,” म्हातारा म्हणाला. “अपेंडिक्स. दवाखान्यात हुतो, तिथंच किनाऱ्यावर. रात्री मोठा आवाज झाला, खिडक्या वाजल्या. नर्स म्हनली भूकंप. मी झोपलो.”

आणि तिथं आम्ही एक विलक्षण दृश्य पाहिलं. पोहता न येणारा फिटर, ज्या बोटीचा घाम ज्यानं वर्षानुवर्षं पुसला त्या माणसाला, त्याच्याच बोटीची गोष्ट सांगू लागला. आपल्या विक्रांत या विमानवाहू बोटीच्या मागावर पाकिस्तानची गाझी पाणबुडी बंगालच्या उपसागरात येणार हे ओळखून आपण विक्रांत दूर अंदमानाकडं हलवली आणि म्हातारी झालेली राजपूत विक्रांत असल्याचं नाटक करत राहिली. तारायंत्रावर खोटी गडबड, बाजारात खोट्या ऑर्डरी. ३ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग राजपूत घेऊन बंदराबाहेर पडले. वाट दाखवणाऱ्या पायलटला उतरवलं, आणि पुढं पाण्यात खळबळ दिसली तशी दोन डेप्थ चार्ज टाकले. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकानं भरलेलं पिंप. पाणी जसं खोल तसा त्याचा दाब वाढतो. पिंपातल्या खटक्याला जेवढा दाब आधी लावून दिला तेवढा पोचला की स्फोट. मध्यरात्रीनंतर मोठा धमाका झाला. सकाळी कोळ्यांना तरंगते अवशेष सापडले. गाझी बुडाली होती. राजपूतनं बुडवली असं आपलं नौदल म्हणतं. आतल्याच स्फोटानं किंवा स्वतः पेरलेल्या सुरुंगानं गेली असं पाकिस्तानी म्हणतात.

म्हातारा बशी हातात धरून ऐकत होता. चहा निवला. “असं झालं हुतं व्हय?” तो म्हणाला.

“तुमाला म्हाईत न्हवतं?”

“बोट बुडवली एवढं सांगितलं. कशी ते कोन सांगतंय स्टोकरला?”

ॲडमिरलनी विजयी मुद्रेनं त्याला घरी नेलं, पितळी बोट दाखवायला. म्हाताऱ्यानं बोट बघितली, चांगली आहे म्हणाला. तेवढ्यात खाली बोअरची मोटर सुरू झाली. त्यानं मान वळवली, तरातरा खाली गेला, तळहात मोटरीवर ठेवला, मग स्क्रूड्रायव्हर मागितला. टोक मोटरीला लावलं, मूठ कानाला. डोळे मिटून ऐकलं. “मागचं बेरिंग चाललंय. आठ दिस काढंल.” मोटर दहाव्या दिवशी बसली, म्हणून ॲडमिरल आजही त्याला दोन दिवसांची चूक काढून दाखवतात. पण त्या संध्याकाळी ते पहिल्यांदाच प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबले. वही काढली.

मग वहीत जे उतरलं ते जेन्समध्ये नव्हतं. बॉयलररूममध्ये हवा दाबून भरलेली असायची, म्हणून आत जायला दोन दरवाजे. पहिला मागं लागल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. दोन्ही एकदम उघडले की हवेचा दाब सुटतो आणि बॉयलरची आग तोंडावर येते. धूर काळा झाला तर हवा कमी पडली, पांढरा झाला तर जास्त झाली, आणि दोन्हीला वरून शिवी एकच. वेग थोडा वाढवायचा तर तेल कितीतरी पट ओतायचं. वर घंटी वाजायची, काटा सरकायचा, यांनी बर्नर लावायचे. लढाई आहे की सराव, पाठलाग की पळ, ते नंतर कळायचं, कधी कळायचंही नाही. गोड पाणी बोटीवरच समुद्राचं पाणी उकळून करायचं, पण पहिला घोट बॉयलरचा, माणसाचा दुसरा. “आमच्या गावात पन तसंच हुतं,” म्हातारा म्हणाला, “पयलं बैलाला.”

हे सगळं पलीकडं बसून त्याचा मुलगा ऐकत होता. बापानं चौदा-पंधरा वर्षं बोटीवर काढली एवढं त्याला ठाऊक होतं. दोन दरवाज्यांचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं, कारण कधी विचारलं नव्हतं.

हल्ली संध्याकाळी दोघंही ब्रिजवर असतात. ॲडमिरलनी नळीत फुंकर मारली की काकू दोन चहा पाठवतात. पाहुण्यापुढं नाही म्हणता येत नाही, हे ॲडमिरलनी बरोबर हेरलंय. नीरेचं पाणी भीमेला जातं, भीमेचं कृष्णेला आणि कृष्णेचं बंगालच्या उपसागराला, तेव्हा शिरवळचा गाझीशी जलमार्गानं संबंध आहे, अशी त्यांची नवी मांडणी आहे. स्टोकर ती खोडून काढत नाही. तो खाली असायचा.

तुमच्या गावातही असा एक जाणकार असेल. तो तुम्हाला पिळतो, त्याला चुकवायला तुम्ही रस्ता बदलता, हे सगळं मान्य. पण घरात एखादा गप्प म्हातारा असेल, बोटीवरचा, पलटणीतला, गिरणीतला, रेल्वेच्या इंजिनावरचा, तर त्याला उचलून या जाणकारापुढं नेऊन बसवा. त्याला योग्य प्रश्न विचारणारा गावात तेवढा एकच माणूस आहे. चहाचे पैसे मात्र आधी देऊन ठेवा, बैठक लांबते.